आनाबेला : सुरुवातीच्या फ्रेंच बोलपटांतली नायिका पाहायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेने क्लेरच्या 'ल मिलियों'मधली (१९३१) बेआत्रिस, म्हणजे आनाबेला, आवडली म्हणून मार्सेल कार्नेचा 'ओतेल द्यू नॉर' (१९३८) पाहिला, तर तिथे श्रेयनामावलीत सगळ्यांच्या वर नाव असलेली हीच आनाबेला फिकी वाटली आणि बाजी आर्लेती ही दुसरी नटी मारून गेली. मग मधल्या सात वर्षांत ती करत काय होती? तिच्या चित्रपटांच्या यादीत एकाच गोष्टीची फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी नावं येतात, त्यातलं नेमकं कोणतं तिचं? आणि मोजकेच चित्रपट पाहायचे तर कोणते, कोणत्या क्रमाने?

या सगळ्याचं मूळ एकच आहे. आनाबेलाची ताकद ज्या प्रकारच्या बोलपटात होती तो प्रकार फ्रान्समध्ये जेमतेम पाच-सहा वर्षं टिकला. चित्रपट बोलू लागला होता, पण अजून संवादांवर चालत नव्हता. चेहरा, हालचाल, गाणं आणि एखादा नेमका आवाज यांवर चालत होता. १९३८ पर्यंत फ्रेंच बोलपट संवादलेखकाच्या हातात गेला, आणि ज्यांना टाळीची वाक्यं मिळाली ते नट पुढे आले. तिला ती मिळाली नाहीत. तिचा अभिनय खालावला असं काही झालेलं नाही.

ओळखीपुरतं चरित्र सांगतो. खरं नाव सुझान शार्पांतिए, जन्म १४ जुलै १९०७, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशीचा. पडद्यावरचं नाव एडगर अ‍ॅलन पोच्या 'अ‍ॅनाबेल ली' या कवितेवरून घेतलेलं. पहिली भूमिका आबेल गांसच्या 'नापोलेओं'मध्ये (१९२७). व्हिओलिन नावाची ही मुलगी बोनापार्टवर दुरून प्रेम करते आणि त्याच्या सावलीशीच जणू लग्न लावते. ही भूमिका पाहायची असेल तर प्रत लांब आवृत्तीची आहे ना, हे आधी बघा. छोट्या आवृत्त्यांत कात्री पहिल्यांदा चालली ती व्हिओलिनच्याच प्रसंगांवर. त्यानंतर जाँ ग्रेमियोंचा 'माल्दोन' (१९२८), आणि मग लगेच बोलपट. ती रंगभूमीवरून आलेली नव्हती, हे महत्त्वाचं. त्या वर्षांत पॅरिसच्या स्टुडिओंनी नाटकातले नट घाऊक भरती केले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची त्यांची सवय मायक्रोफोनपुढे कर्कश वाटे. आनाबेला हलकं बोलायची. मायक्रोफोनला तेच हवं होतं.

आता 'ल मिलियों'. एपिने-स्युर-सेन इथल्या टोबिस कंपनीच्या स्टुडिओत तो तयार झाला. नेपथ्य लाझार मीरसनचं, छायाचित्रण जॉर्ज पेरिनालचं. क्लेर बोलपटाकडे संशयानेच पाहत असे. १९२९ मध्ये लंडनला जाऊन त्याने अमेरिकी बोलपट पाहिले आणि त्यांतल्या एका गोष्टीची तारीफ केली: 'ब्रॉडवे मेलडी'त गाडी निघून गेल्याचा आवाज येतो, पण पडद्यावर गाडी दिसत नाही, दिसतो तो मागे राहिलेल्या मुलीचा चेहरा. आवाज एकीकडे, चित्र दुसरीकडे. क्लेरच्या पुढच्या तीन-चार चित्रपटांची किल्ली यात आहे, आणि आनाबेलाला त्याने घेतलं ते का, हेही यातून कळतं. आवाज दुसरीकडून येत असताना पडद्यावर नुसता राहू शकेल असा चेहरा त्याला हवा होता.

कर्जबाजारी चित्रकार मिशेलला लॉटरी लागते, पण तिकीट असतं जुन्या कोटात, आणि तो कोट त्याच्या प्रेयसीने, बॅले नर्तकी बेआत्रिसने, पोलिसांपासून पळणाऱ्या एका चोराला देऊन टाकलेला. कोट फिरत फिरत ऑपेरातल्या एका गायकाच्या अंगावर चढतो. त्या ऑपेरातला प्रसंग दोनदा पाहावा. रंगमंचावर जाडगेला गायक आणि तितकीच भरभक्कम गायिका बाकावर बसून प्रेमाचं युगुलगीत गातायत. प्रत्यक्षात दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. त्यांच्या मागे, रंगवलेल्या झाडोऱ्याआड, मिशेल आणि बेआत्रिस अडकलेत. ती त्याच्यावर रुसलेली आहे. पडदा उघडा असल्यामुळे त्यांना हलता येत नाही की बोलता येत नाही. पुढे गायक 'अखेर आपण एकटे' अशा अर्थाचं गातो आणि मागे मिशेल बेआत्रिसकडे वळतो. गायिका क्षमेचं गाते आणि बेआत्रिसची मान हळूच फिरते. वरून रंगमंचाचा कामगार कागदी पाकळ्या टाकतो, त्या पुढच्या जोडीवर पडतात तशाच मागच्याही. आनाबेलाच्या तोंडी इथे एकही शब्द नाही. रुसवा, ऐकणं, ओशाळणं आणि मिठी, एवढं सगळं ती परक्या गाण्याच्या तालावर करते आणि कुठेही मूकपटासारखा जादा हावभाव करत नाही. पलीकडच्या जोडीची सगळी खोटी भावना मागच्या जोडीत खरी होते. विनोद आणि प्रेमप्रसंग एकाच चौकटीत उभे राहतात ते तिच्या संयमामुळे. रेने लफेव्हर हा मिशेल झालेला नट चांगला आहे, पण तो थोडं 'करून दाखवतो'. ती करत नाही.

इथेच एक व्यावहारिक अडचण येते. अनेक प्रतींत बोललेल्या वाक्यांना सबटायटल असतात आणि गाण्यांना नसतात. तशी प्रत लागली तर वरच्या प्रसंगाचा अर्थच उरत नाही, दोन जाडी माणसं ओरडतायत आणि मागे दोघं उगाच लाडात आलीयत, असं वाटतं. तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटं बघून ठरवा. शेजारीपाजारी समूहाने गातात त्यात कथेची माहिती असते, तिथे सबटायटल दिसले नाहीत तर दुसरी प्रत शोधा.

दुसरी अडचण चौकटीची. मूकपटाच्या फिल्मवर चित्र पूर्ण रुंदीभर असे. बोलपटाची ध्वनिपट्टी फिल्मवरच छापायची ठरल्यावर एका कडेची सुमारे अडीच मिलिमीटर रुंदी तिला द्यावी लागली, आणि चित्र जवळजवळ चौकोनी झालं, रुंदी-उंचीचं प्रमाण साधारण १.१९ ला १. हॉलिवूडने १९३२ मध्ये १.३७ चं प्रमाण ठरवलं. युरोपात चौकोनी चौकट त्यानंतरही काही काळ रेंगाळली. म्हणून १९३०-३१ चा चित्रपट टीव्हीच्या जुन्या १.३३ मापात बसवला की उंचीचा सुमारे दहावा भाग जातो, आणि आजच्या रुंद पडद्यावर कडेपर्यंत ताणून भरला तर तब्बल एक तृतीयांश. नर्तकीची भूमिका आणि पावलं चौकटीबाहेर, असा प्रकार होतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे असलेली, जवळपास चौकोनी दिसणारी प्रत बरोबर. काळे पट्टे काढायला रिमोट उचलू नका.

आता यादीचा गोंधळ. १९२९ ते १९३३ च्या दरम्यान एका भाषेतला चित्रपट दुसऱ्या भाषेत डब करणं तांत्रिकदृष्ट्या कटकटीचं होतं. संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळे नोंदवून नंतर एकत्र करताना दर्जा घसरायचा, ओठ आणि शब्द जुळायचे नाहीत, प्रेक्षक हसायचे. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे तोच चित्रपट, त्याच सेटवर, दुसऱ्या भाषेतल्या नटांना घेऊन पुन्हा चित्रित करायचा. पॅरिसजवळ झ्वाँव्हिलला पॅरामाउंटने याचा कारखानाच काढला. बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्गला ऊफा कंपनी जर्मन चित्रपटांच्या फ्रेंच आवृत्त्या करी.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठीत आणि हिंदीत असाच दोनदा चित्रित झाला, पुढे 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' तसेच. फरक एवढाच की प्रभातमध्ये दुर्गाबाई खोटे किंवा शांता आपटे दोन्ही भाषांत स्वतःच बोलत. युरोपात नटी सहसा बदलायची, कारण बर्लिनच्या नटीचं फ्रेंच पॅरिसचा प्रेक्षक ऐकून घेत नसे. आणि नटी बदलली तरी दिवे, कॅमेऱ्याची जागा, जमिनीवर उभं राहायच्या खडूच्या खुणा या आधीच्या नटीच्या मापाच्याच राहत. नव्या नटीने त्या खुणांवर येऊन उभं राहायचं. अशा चित्रपटांत अभिनय कधीकधी आखडलेला का वाटतो, त्याचं एक कारण हे.

आनाबेलाच्या यादीतली नावं म्हणून तीन गटांत लावून घ्यावीत.

पहिला गट ज्यांत ती फक्त फ्रेंच आवृत्तीत आहे. 'ओतूर द्यून आंकेत' (१९३१) हा रॉबर्ट सिओदमाकच्या 'फोरउंटरझूखुंग'चा फ्रेंच जुळा. फ्रेंच बाजू सांभाळायला आंरी शोमेत होता, रेने क्लेरचा सख्खा भाऊ. 'सोन आल्तेस लामूर' (१९३१) हा योए मायच्या जर्मन चित्रपटाचा जुळा, जर्मनमध्ये नायिका केटे फॉन नाज. 'ला बातय' (१९३३) आणि त्याची इंग्रजी आवृत्ती 'द बॅटल' यांत दिग्दर्शक निकोलस फार्कश आणि नायक शार्ल ब्वाये दोन्हीकडे तेच. जपानी नौदल अधिकाऱ्याच्या बायकोची भूमिका मात्र फ्रेंचमध्ये आनाबेलाकडे आणि इंग्रजीत मर्ल ओबेरॉनकडे, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या नटीकडे. आज ही भूमिका दोघींपैकी कुणाचीही पाहवत नाही. युरोपीय डोळे तिरके रंगवून जपानी करायची ती रीत. पण दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर एकच पटकथा दोन वेगळ्या चेहऱ्यांवर कशी बसते ते दिसतं, त्या दृष्टीने उपयोगी. 'कारावान' (१९३४) तर हॉलिवूडमध्ये फॉक्सने केला. इंग्रजीत लोरेटा यंग, फ्रेंचमध्ये आनाबेला, नायक पुन्हा दोन्हीकडे ब्वाये. 'ले न्वी मॉस्कोव्हित' (१९३४) हा रशियन पार्श्वभूमीचा. त्याचा इंग्रजी अवतार पुढच्या वर्षी अँथनी अ‍ॅस्क्विथने केला, त्यात आरी बोर तोच, पण आनाबेला नाही आणि तरुण नायकाच्या जागी लॉरेन्स ऑलिव्हिए.

दुसरा गट छोटा पण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगणारा, कारण यात ती एकाहून जास्त भाषांतल्या आवृत्त्यांत स्वतः आहे. पाल फेयोशचे दोन चित्रपट आणि 'व्हारिएते'. यांच्याकडे परत येतो.

तिसरा गट एकाच आवृत्तीचे: 'ल मिलियों', 'कातोर्झ झुईये', 'लेकिपाज', 'ला बान्देरा', 'व्हेय दार्म', 'ओतेल द्यू नॉर'. यांत फसायला जागा नाही. 'लेकिपाज'चं कथानक अनातोल लित्वाकने हॉलिवूडमध्ये १९३७ साली पुन्हा केलं, ते मात्र आवृत्ती म्हणून मोजायचं नाही. तो दोन वर्षांनी केलेला वेगळा चित्रपट आहे.

हातात आलेली प्रत कोणती, हे ओळखायला श्रेयनामावलीवर विसंबू नये. जुन्या प्रतींवरची नावं नंतरच्या वितरकाने बदललेली असू शकतात. त्यापेक्षा चित्रात दिसणारी अक्षरं बघा. पत्रं, वर्तमानपत्रं, दुकानाच्या पाट्या यांचे क्लोज-अप प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे घेतले जात, तर लांबून दिसणारी पाटी बऱ्याचदा मूळ भाषेतलीच राहून जाई. क्लोज-अपमध्ये फ्रेंच आणि मागच्या भिंतीवर जर्मन, असं दिसलं की जुळा भाऊ सापडला समजा. मग दुय्यम भूमिकांतले नट बघा. नायक कधी दोन्हीकडे सारखा असतो, हॉटेलचा वेटर आणि पोलिस शिपाई सहसा नसतात. आणि ओठ. आनाबेला स्पष्ट बोलते, त्यामुळे 'ऊ' आणि 'ओ'सारख्या गोल स्वरांवर ओठ जुळत नसतील तर तो डब केलेला आवाज आहे, तिचा नव्हे.

लांबीवरून निष्कर्ष काढताना जपून. युरोपीय टीव्हीच्या पद्धतीत चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी या वेगाने धावतो, म्हणजे चार टक्क्यांनी कमी वेळात संपतो. ९५ मिनिटांचा 'ओतेल द्यू नॉर' ९१ मिनिटांत संपला तर त्यातलं काही कापलेलं नाही. आवाज मात्र किंचित वर चढतो, आणि आनाबेलाचा आधीच हलका असलेला आवाज बालिश वाटू लागतो. तिच्याबद्दल वाईट मत व्हायला एवढंही पुरतं.

फेयोशकडे वळू. हा हंगेरियन दिग्दर्शक हॉलिवूडहून परतला आणि १९३२ मध्ये हंगेरीत 'तावासी झापोर' केला, फ्रेंचमध्ये 'मारी, लेजांद ओंग्रवाझ'. फ्रेंच पैसा, हंगेरीचं खेडं, एकाहून जास्त भाषांतल्या आवृत्त्या, आणि नायिका हंगेरियनमध्येही तीच. पॅरिसची नटी हंगेरियन मोलकरीण म्हणून चालली, कारण तिला बोलायचंच फारसं नाही. मारी ही एका घरातली मोलकरीण. एक तरुण तिला फसवतो, पोट दिसू लागल्यावर मालकीण हाकलते. मुलगी जन्मते ती वेश्यागृहातल्या बायकांच्या आधाराने, आणि तिथे ठेवणं योग्य नाही म्हणून अधिकारी ती काढून घेतात. मारी मरते. आणि मग फेयोशचं डोकं चालतं: स्वर्गातही ती मोलकरीणच. फरशी पुसतेय, भांडी सोन्याची. वरून खाली पाहते तर आपली मुलगी, आता तरुण झालेली, तशाच एका मुलाबरोबर. मारी बादलीतलं पाणी ओतते, खाली पावसाची सर कोसळते, मुलगी घराकडे पळते.

कागदावर हे रडकं आणि गोडमिट्ट दोन्ही वाटतं. पडद्यावर वाटत नाही, कारण आनाबेला पूर्ण चित्रपटभर एक गोष्ट सांभाळते: मारीला आपल्यावर अन्याय होतोय हे नीट समजतच नाही. ती कामाला हात घालते, थांबते, बघते, पुन्हा हात घालते. मूल नेलं जातं तिथेही आक्रोशाआधी एक गोंधळलेला क्षण आहे, समोरच्याचं काहीतरी चुकलंय आणि तो आत्ता परत येईल असा. मूकपटाच्या वळणाचा हा अभिनय आहे खरा, पण मूकपटाच्या मापाचा नाही. आवाजाचा वापर घंटा, वाद्यं, पाऊस यांपुरता. माझ्या मते तिचं सर्वोत्तम काम हेच, 'ल मिलियों'च्याही वर. ज्यांना कथेत देवधर्म आला की नको वाटतं त्यांना शेवट खटकेल, त्यांनी पहिला तासभर तरी पाहावा.

त्याच फेयोशचा व्हिएन्नातला 'झोनेनश्ट्राल' (१९३३) जर्मन आणि फ्रेंच दोन्हीत आहे, आणि आनाबेला दोन्हीत. फ्रेंच नाव 'गार्दे ल सूरीर'. जर्मनमध्ये जोडीला गुस्ताव फ्रोलिश. बेकारीला कंटाळून जीव द्यायला निघालेली दोन माणसं भेटतात, लग्न करतात, हप्त्यांवर टॅक्सी घ्यायचं ठरवतात, हप्ता थकतो, आणि चाळीसारख्या मोठ्या इमारतीतले सगळे भाडेकरू खिडक्यांतून नाणी फेकतात. मंदीच्या काळातलं हे स्वप्नरंजन आहे, जरा जास्तच सोपं. पण इथेही संवाद किती कमी आहेत ते मोजण्यासारखं.

'व्हारिएते' (१९३५) झुल्यावरच्या कसरतपटूंचा: दोन पुरुष, एक स्त्री, आणि हवेत पकडणाऱ्या हातावरचा अविश्वास. फ्रेंचमध्ये जाँ गाबाँ, जर्मनमध्ये हान्स आल्बर्स, मधली बाई दोन्हीकडे आनाबेला. दोन आवृत्त्या मिळाल्या तर लागोपाठ पाहा. गाबाँ दाबून धरतो, आल्बर्स मोकळा सुटतो, आणि ती दोघांपुढे स्वतःचा वेग बदलते. इंग्रजीत हेच हर्बर्ट विल्कॉक्सने पुढच्या वर्षी अ‍ॅना नीगलला घेऊन केलं.

मधल्या फ्रेंच चित्रपटांपैकी 'कातोर्झ झुईये' (१९३३) चुकवू नये. क्लेर, मीरसन आणि पेरिनाल हीच मंडळी, संगीत मोरिस जोबेरचं. तिचा वाढदिवस १४ जुलै आणि चित्रपटाचं नावही तेच, हा निव्वळ योगायोग धरा. फुलं विकणारी आना आणि समोरच्या खिडकीतला टॅक्सीवाला जाँ. सणाच्या रात्री जुळतं, त्याची जुनी मैत्रीण परत येते, तुटतं, आनाची आई जाते, आना कॅफेत कामाला लागते. शेवटी त्याची टॅक्सी आणि तिची फुलांची गाडी एकमेकांवर आदळतात, भांडण पेटतं, पाऊस येतो आणि सगळे आडोशाला पळतात. 'ल मिलियों'ची धमाल इथे नाही. म्हणूनच आनाबेलाला जागा जास्त मिळाली. खिडक्यांमधले प्रसंग नीट बघा: हाक मारायची की नाही, दिवा ठेवायचा की मालवायचा, एवढ्यावर ती प्रसंग चालवते.

'ला बान्देरा' (१९३५) द्युविव्हिएचा, स्पॅनिश मोरोक्कोतल्या परदेशी पलटणीचा. गाबाँला मोठा तारा करणाऱ्या चित्रपटांपैकी हा एक. आनाबेला त्यात आयशा नावाची बर्बर नाचणारी. चेहरा काळसर रंगवलेला, भूमिका छोटी. लग्नाच्या प्रसंगात दोघं एकमेकांचं रक्त चाखतात, तिथे ती क्षणभर जमून जाते. बाकी भूमिका वसाहतवादी कल्पनेतली, तिच्यात करण्यासारखं फार नाही. गाबाँसाठी पाहावा, तिच्यासाठी नको. मार्सेल लेर्बिएच्या 'व्हेय दार्म'साठी (१९३५) तिला १९३६ च्या व्हेनिस महोत्सवात अभिनेत्रीचा व्होल्पी कप मिळाला. नौदलाच्या मानापमानाचं नाटक आहे ते, मूळ नाटक क्लोद फारेरचं, आणि आज जड जातं. बक्षीस मिळालं ते तिच्या सर्वोत्तम कामाला नव्हे, एवढं नोंदवून पुढे जायला हरकत नाही. रेमों बेर्नारचा 'आन-मारी' (१९३६) मात्र मजेदार आहे. पटकथा सेंत-एक्झुपेरीची, आणि आनाबेला त्यात पाच वैमानिकांकडून विमान शिकणारी इंजिनिअर.

याच सुमाराला इंग्लंडमध्ये 'विंग्ज ऑफ द मॉर्निंग' (१९३७) झाला, तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरमध्ये इंग्लंडात चित्रित झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. आनाबेला दुहेरी भूमिकेत, त्यातला काही भाग मुलाच्या वेषात, समोर हेन्री फोंडा. कथा पोकळ, रंग सुरेख. ती रंगात कशी दिसे, हे ज्यांना बघायचंय त्यांनी हाच घ्यावा.

आणि आता 'ओतेल द्यू नॉर'. अलेक्झांडर त्रोनेरने सें-मार्तां कालव्याचा तुकडा, पूल आणि हॉटेल सगळं बियांकूरच्या स्टुडिओत उभं केलं. कागदावर चित्रपट आनाबेलाचाच: रने आणि पिएर ही जोडी हॉटेलात खोली घेते, दोघांनी मिळून मरायचं ठरलेलं. तो तिला गोळी घालतो, स्वतःवर झाडायची हिंमत होत नाही, पळतो. ती वाचते आणि त्याच हॉटेलात कामाला राहते. पण संवाद आंरी जांसोंचे, आणि जांसोंची लेखणी खुलली ती शेजारच्या खोलीतल्या जोडीवर: लुई जुव्हेचा एदमों आणि आर्लेतीची रेमोंद. पुलावर तो म्हणतो की मला हवापालट हवाय, वातावरण बदलायचंय, आणि माझं वातावरण म्हणजे तू. त्यावर ती 'आत्मोस्फेर!' म्हणून जी उसळते, ते वाक्य आजही फ्रान्समध्ये लोकांच्या तोंडी आहे. आर्लेतीचा चिरका पॅरिसी आवाज आणि जांसोंचं वाक्य यांची गाठ पडली, तिथे शांत चेहऱ्याची नायिका काय करणार? तिच्या वाट्याला आलेली वाक्यं दुःखी प्रेमिकांची, सरळसोट, आणि पिएर झालेल्या जाँ-पिएर ओमोंकडूनही काही आधार नाही.

तरीही दुसऱ्यांदा पाहताना दोन जागा धरा. एक, मरण्याआधीची खोली. पिएर बोलत राहतो, रने छताकडे आणि मग त्याच्याकडे बघते, आणि भीती तिला नाही, त्याला आहे, हे बोलण्यातून नव्हे तर तिच्या स्थिर नजरेतून कळतं. दोन, ती बरी होऊन हॉटेलात परतते ते दार. सगळे तिच्याभोवती गोळा होतात, आणि तिला त्या गर्दीचं जे बरं वाटतं ते मारीच्या कुळातलं आहे. जुव्हेबरोबरच्या तिच्या प्रसंगांतही ती कमी पडत नाही. तो बोलतो, ती ऐकते, आणि ऐकणं तिला नेहमीच जमत आलं होतं. अडचण इतकीच की १९३८ चा प्रेक्षक ऐकणारीला बघायला जात नव्हता.

क्रम विचाराल तर 'ल मिलियों', मग 'मारी', मग 'कातोर्झ झुईये', मग 'व्हारिएते', आणि शेवटी 'ओतेल द्यू नॉर'. तुमच्याकडून झालं ते असं की पहिल्यावरून थेट पाचव्यावर उडी पडली. 'मारी' शोधताना हंगेरियन नावानेही शोधा, बहुतेक वेळा तीच आवृत्ती आधी हाती लागते, आणि बोलणं इतकं थोडं आहे की हंगेरियन प्रतीने फारसं बिघडत नाही.

उरलेलं झपाट्याने. फॉक्सने तिला हॉलिवूडला नेलं. 'सुएझ'मध्ये (१९३८) टायरोन पॉवर सुएझ कालवा खोदवणारा द लेसेप्स, लोरेटा यंग फ्रान्सची सम्राज्ञी, म्हणजे चार वर्षांपूर्वी एकाच भूमिकेच्या दोन आवृत्त्या करणाऱ्या दोघी आता एका चौकटीत. त्यातलं वाळूचं वादळ आजही दणदणीत आहे. २३ एप्रिल १९३९ ला तिने पॉवरशी लग्न केलं, त्याआधी ती नट जाँ म्युराची बायको होती. पॉवरशी घटस्फोट १९४८ मध्ये झाला. लग्नानंतर चांगल्या भूमिका आटल्या. युद्धकाळात 'टुनाइट वी रेड कॅले' आणि 'बॉम्बर्स मून' (दोन्ही १९४३), मग '१३ रू मादलेन' (१९४७), सगळ्या शत्रूच्या मुलखातल्या शूर परदेशी बाईच्या छापाच्या. त्यापेक्षा तिने ब्रॉडवेवर केलेलं काम वजनदार होतं: इलिया कझानच्या दिग्दर्शनात 'जेकोबाउस्की अँड द कर्नल' (१९४४) आणि सार्त्रच्या 'नो एक्झिट'चा जॉन ह्यूस्टनने बसवलेला प्रयोग (१९४६). पुढे फ्रान्स आणि स्पेनमध्ये काही चित्रपट, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पडद्यावरून निवृत्ती. १८ सप्टेंबर १९९६ ला ती गेली. अमेरिकी चित्रपटांपैकी एकच घ्यायचा तर 'सुएझ' घ्या.